दोन अर्धे कोयते

एसटीत बसल्यापासून आष्टी येईपर्यंत गहिनीनाथ निनादला बजावत होता. "हात धरायचा नाही. जानू म्हणायचं नाही. आपण ऑफिसातले मित्र."

गावात टँकर चौथ्या दिवशी यायचा अन् निनादनं पहिल्याच सकाळी अंघोळीला दोन बादल्या उडवल्या. तिथून जे भांडण जुंपलं ते निनादच्या आईवरून गहिनीनाथच्या घोरण्यापर्यंत गेलं.

गहिनीनाथचे वडील आसाराम ओट्यावरून ऐकत होते. सहकारी कारखान्याला तीस वर्षं ऊसतोडीच्या जोड्या पुरवलेला मुकादम माणूस. त्या धंद्यात नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटा माणूस अर्धा.

भांडण निवल्यावर ते बायकोला म्हणाले, "अगं, दोन अर्धे म्हणून आलेत, पर ह्यो अख्खा कोयता हाय. अंथरूण एकच टाक."