टायगरच्या पिसवा

"परत झाल्या! परत!"

मानसिंगनं टायगरच्या पोटावरचे केस बोटांनी फाकले, तशा काळ्या पिसवा टणाटण उड्या मारीत आत दडल्या. त्यानं हातातला पावडरचा डबा रागानं अंगणात भिरकावला.

पलटणीतून हवालदार होऊन आल्यावर त्यानं नवा स्लॅबचा बंगला बांधला आणि हे उमदं कुत्रं आणलं. दोन्हींवर डाग पडलेला त्याला खपत नसे. कराडच्या गुरांच्या डॉक्टरांनी सांगितलं, तसं त्यानं सगळं केलं होतं. ऊन पाण्यानं, औषधी साबणानं टायगरला धुतलं. पावडर चोळली. निजायचं पोतं जाळलं. घर फिनेलनं पुसून घेतलं. चार दिवस बरे गेले की कुत्रं पुन्हा खाजवायला लागे.

"कोण शिवतं ह्याला?" तो बायकोवर खेकसला.

"मला काय ठावं?" सुलाबाई भाकरीचं ताट पदराखाली धरून मागल्या दाराकडं निघाली होती. "पाय हायती त्याला. जातंय कुठंबी."

कुठंबी म्हणजे कुठं, ते मानसिंगला पक्कं ठाऊक होतं. काठी घेऊन तो तरातरा माळावर गेला. तिथं आटपाडीकडच्या धुळा धनगराचा मेंढरांचा तळ होता.

"तुझ्या मेंढरांच्या पिसवा माझ्या कुत्र्याला लागत्यात! आजच्या आज तळ हलव."

धुळा घोंगडं सावरत उठला. "मालक, तुमचं कुत्रं हिकडं येतच न्हाई."

"मग मी खोटं बोलतोय व्हय रं?"

"तसं न्हाई. पर त्ये तुमच्या कुंपणाभाईर पडत न्हाई." धुळानं बंगल्याच्या मागच्या अंगाला पाहिलं आणि नजर खाली घातली. "आवं, तुमच्या घरातलं मी काय सांगू?"

मानसिंगचा हात उठलाच. धुळानं वार खांद्यावर झेलला आणि तळ मोडायला घेतला. तिन्हीसांजेला मेंढरं पूर्वेकडं चालती झाली.

आठवड्यानं टायगर दारात बसून करकरा खाजवत होता.

मानसिंगच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आता कुत्र्यालाच बडवायचं, असं ठरवून तो दुपारी दबा धरून बसला. सगळ्यांची जेवणं झाली, तसा टायगर उठला. गोठा ओलांडून कडब्याच्या गंजीमागं शिरला. तिथल्या पडक्या छपराला पोत्याचा पडदा होता. वास्तुशांत झाली त्या दिवसापासून मानसिंगनं इकडं पाऊल टाकलं नव्हतं.

कुत्रं पडद्याखालून आत गेलं. त्यानं काठी उगारून पडदा फाडला.

आतून कुबट वास अंगावर आला. फाटक्या वाकळेवर त्याची म्हातारी आई बसली होती. केसांच्या जटा झालेल्या, अंगभर लाल गांध्या. टायगरनं तिच्या मांडीवर डोकं टेकलं होतं आणि ती चाचपडत त्याच्या कानामागं खाजवत होती. उगारलेल्या काठीची सावली अंगावर पडली, तशी ती कुत्र्यावर ओणवी झाली.

"मारू नगंस रं लेकरा त्याला," ती म्हणाली. "त्या पिसवा त्याच्या न्हाईत. माझ्या हायती."