खंडेनवमीची बॅट

चौथा चेंडूही बाहेरच पडला. माधव बॅट खाली ठेवून पहिल्या बेसकडे चालू लागला.

"तुमचा मुलगा आज मैदानावर फिरायला आलाय वाटतं," शेजारच्या खाटेवरचे नाकाता-सान म्हणाले. ते समोरच्या संघाचे चाहते. सकाळपासून त्यांच्या अंगात उत्साह संचारला होता.

विश्वनाथांचे डोळे टीव्हीवर होते. जपानमधल्या कोबेच्या त्या इस्पितळात १९९७ सालच्या बेसबॉल मोसमाचा शेवटचा सामना सगळा मजला बघत होता. माधवचे आणि समोरच्या संघातल्या एका फलंदाजाचे होमरन, म्हणजे चेंडू थेट मैदानाबाहेर धाडणारे फटके, सारखेच झाले होते. तो फलंदाज आज खेळतच नव्हता, बाकावर बसून होता. सगळ्यांत जास्त होमरनचा मान माधवला एकट्याला मिळू नये म्हणून त्या संघाचे पिचर, म्हणजे चेंडू टाकणारे, त्याला मारता येईल असा चेंडूच देत नव्हते. चार चेंडू बॅटपासून लांब टाकायचे आणि त्याला फुकट पहिल्या बेसवर धाडायचं. नियमात बसतं. तिथली जुनी रीत आहे, तिला कोणी लबाडी म्हणत नाही.

माधवचा शंभरावा होमरन झाला, तेव्हा प्रेक्षकाने तो चेंडू परत आणून दिला होता. दोनशेवाही, तीनशेवाही. संघाचा विक्रम मोडला तोही. ते सगळे चेंडू घरी देवघरात होते, गणपतीशेजारी. माधवची जपानी आई होती तोवर रोज ते पुसायची. पण मोसमात सगळ्यांत जास्त होमरन मारणाऱ्याचा मान त्याला एकट्याला एकदाही मिळाला नव्हता. जन्म कोबेचा, शाळा कोबेची, तरी धावफलकावर त्याचं एकट्याचं नाव परक्यांच्या लिपीत लिहायचे.

माधवला आणि त्याच्या बहिणीला, केतकीला, हा मान बाबांना दाखवायचा होता. यंदाच. पुढचं वर्ष बाबांना नव्हतं. डॉक्टरांनी दोघांना बाजूला घेऊन तसं सांगितलं होतं. तिथे असा आजार रोग्याला सांगत नाहीत, घरच्यांना सांगतात. बाबांना अल्सर झालाय, असं सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं.

सकाळी माधव बॅट घेऊन आला होता. खंडेनवमी होती. विश्वनाथांनी जन्मभर मोत्यांना भोकं पाडली. दर खंडेनवमीला ते आपलं गिरमिट आणि मुलाची बॅट शेजारी ठेवून पुजत. या वेळी त्यांना उठवत नव्हतं. त्यांनी पडल्यापडल्या बॅटच्या रुंद भागावर, चेंडू लागतो तिथे, कुंकू लावलं.

"इथंच बसू दे," ते म्हणाले होते.

माधवची शेवटची पाळी आली. चेंडू टाकायला इवासे उभा होता. कानाजवळ केस पिकलेला, बरीच वर्षं खेळलेला माणूस. त्याने पहिला चेंडू लांब टाकला. दुसराही लांब.

तेव्हा माधवने बॅट उलटी केली. रुंद भाग मुठीत धरला, बॅटचा दांडा आभाळाकडे केला आणि तसाच उभा राहिला. मारू देणार नसाल तर बॅट कशी धरली काय आणि कशी नाही काय! सगळं स्टेडियम उठून टाळ्या वाजवू लागलं. समोरच्या संघाचे लोकसुद्धा. इतक्या टाळ्या त्याला विक्रमालाही मिळाल्या नव्हत्या.

"बरं केलंस, दादा! दाखव त्यांना!" खाटेपाशी बसलेली केतकीही टाळ्या वाजवत होती. नाकाता-सानही वाजवत होते.

विश्वनाथ कोपरावर उठले. "सांग त्याला, हत्यार उलटं धरू नये."

"टीव्हीला काय सांगू, बाबा? आणि चेंडू येणारच नाहीये."

"टाकणाऱ्याचं मन कधी फिरेल, कुणी सांगावं?"

तिसरा चेंडू लांब गेला. इवासेने आपल्या बाकाकडे पाहिलं. टोपी काढली, कपाळ पुसलं, टोपी पुन्हा घातली. मग त्याने चेंडू टाकला तो सरळ मधोमध आला. कमरेच्या उंचीवर, जोरही नाही. लहान मुलाला टाकावा तसा.

माधव उलटी बॅट धरून उभा होता. चेंडू त्याच्या समोरून गेला आणि मागे चेंडू पकडणाऱ्याच्या हातमोज्यात बसला.

टाळ्या थांबल्या. माधवने घाईने बॅट सरळ केली, पण तोवर इवासेच्या संघाचा व्यवस्थापक मैदानात आला होता. त्याने इवासेच्या हातातून चेंडू काढून घेतला आणि दुसऱ्या पिचरला दिला. जाताना इवासे माधवकडे वळून कमरेत वाकला. नव्या पिचरचा चेंडू बाहेर पडला. माधव पहिल्या बेसवर गेला. मोसम संपला.

संध्याकाळी तो इस्पितळात आला. नाकाता-सानांनी आपल्या खाटेचा पडदा ओढून घेतला. केतकीने दारातच बजावलं होतं, हसत आत ये. तो हसत आत गेला.

"सोडा हो, बाबा," तो म्हणाला. "पुढच्या वर्षी मारतोच. तुम्ही तोवर बरे व्हा. पहिल्या रांगेत बसवतो तुम्हाला."

"हात बघू."

माधवने हात पुढे केला. त्याने तो धुतला नव्हता. सकाळचं कुंकू सगळं तळव्यावर उतरलं होतं.

विश्वनाथांनी चादरीच्या टोकाने ते हळूहळू पुसलं. टेबलावरची कुंकवाची डबी उचलली आणि त्या हातावर ठेवली.

"ही घेऊन जा," ते म्हणाले. "पुढच्या खंडेनवमीला तुझं तुलाच लावायचंय."