हैबतरावांचं पान

"इंग्रजीत नुसतं पेण लिहाल तर लिहायचं पेन येईल," नमिता म्हणाली आणि वर्गातले दुकानदार हसले. "शाईचं येईल, बॉलपेन येईल. तुमचा गणपती नाही यायचा. म्हणून गिऱ्हाईक कुठले शब्द टाइप करील, त्याचा विचार आधी करायचा."

हैबतराव तेवढे हसले नाहीत. त्यांनी वाक्य वहीत उतरवून घेतलं आणि खाली रेघ मारली.

नव्याण्णव सालचा ऑगस्ट होता. पेणच्या एसटी स्टँडमागे एका खोलीत नमिताने एक कॉम्प्युटर आणि एक टेलिफोन लाइन यांच्या जोरावर इंटरनेटचा वर्ग काढला होता. छोट्या दुकानदाराने आपल्या मालाचं पान कसं बनवायचं आणि शोधणाऱ्याला ते सगळ्यांत आधी कसं दिसेल, एवढंच ती शिकवायची.

हैबतराव दर शनिवारी गाडीने रोह्याहून यायचे. कंपनीत तीस वर्षं टायपिस्ट होते. निवृत्त झाल्यावर सहा वर्षांपूर्वी त्यांनी पोह्याच्या पापडांचं दुकान काढलं होतं.

"आमच्या समोर हौसाबाई हाय," एकदा ते म्हणाले. "तिचंपण पापडाचंच दुकान. वीस वर्षांचं. माझं तोंड दिसलं की फडकं झटकते."

"मग शोधात त्यांच्या वर यायचंय का तुम्हाला?"

"नाव पहिलं यायला हवं. दुसरं-तिसरं नाय चालायचं."

नमिताला तो हट्ट आवडला नाही. पण फी भरलेली होती आणि म्हातारा अभ्यास चोख करायचा. पानाला मथळा कसा द्यावा, त्यात गावाचं नाव का हवं, शोधयंत्रांकडे पान कसं नोंदवावं, सगळं त्याने दोन आठवड्यांत पाठ केलं.

तिसऱ्या शनिवारी ते वर्ग सुटल्यावर मागे थांबले.

"बाई, तुमची मावशी रोह्यालाच राहते ना? उद्या गेलात तर हौसाबाईकडनं पापड घ्या. पिठात काय घालते, कसं वाळवते, विचारून या. मला नाय सांगायची ती."

"ही हेरगिरी झाली, काका."

"माहिती झाली. तुम्हीच सांगता ना, समोरच्याचं दुकान नीट बघा."

गेली ती अखेर. कुतूहलानेच म्हणा.

"ये गो, बस," हौसाबाईंनी स्टूल पुढे सरकवलं. पापड भाजून हातात दिला. विचारायचीही गरज पडली नाही. मिरी हौसाबाई खलबत्त्यात कुटायच्या, चक्कीवर कधी नाही. मीठ खाडीकडच्या मिठागरातलं. वाळवण अंगणात, सुती धोतरावर.

"फार छान झालाय," नमिता म्हणाली.

"खाऊन घे. दिवाळी झाली की बंदच करायचंय. लेक नाशकाला बोलावते. गिऱ्हाईक हाय कुठं? समोर त्या कंपनीवाल्याने ट्यूबलाइटी लावल्या, रंगीत पाटी लावली. माणसं उजेडाकडं जातात."

समोर हैबतराव पेपरात तोंड घालून बसले होते. नमिता परतली तेव्हा हेरगिरी करून खाल्लेल्या त्या पापडाची तिला लाज वाटत होती.

पुढच्या शनिवारी तिने कोरडेपणाने सगळं सांगितलं. हैबतराव एकेक शब्द लिहून घेत होते.

"खलबत्त्यात? नक्की?"

"हो. आणि दिवाळीनंतर त्या दुकान बंद करतायत. आता तरी त्यांच्या मागे लागू नका."

पेन्सिल थांबली. "दिवाळीनंतर? मग घाई करायला हवी."

नमिताचा संताप झाला. "काका, दुसऱ्याच्या मालाचं कौतुक आपल्या नावावर खपवायचं नसतं. खोटं पान वर आलं तरी टिकत नाही."

"खोटं एक अक्षर नाय लिहायचो," हैबतराव म्हणाले. "आता तुम्ही जरा बाहेर उभ्या राहा. मी एकटा बसतो."

दार लोटलं गेलं. आतून कळफलकाचा आवाज आला, न अडखळता, पाऊण तास. बाहेर आले तेव्हा त्यांनी पान शोधयंत्रांकडेही स्वतःच पाठवलं होतं. नमिताने बघायला मागितलं नाही. तिला बघायचंच नव्हतं.

सप्टेंबर गेला. दर शनिवारी ते यायचे, शब्द टाइप करायचे, पान दिसलं नाही की मान हलवून परत जायचे. ऑक्टोबरच्या शेवटी यायचे थांबले. मग एका दुपारी त्यांचा फोन आला.

"बाई, आता येणं जमायचं नाय. ऑर्डरी सुरू झाल्यात. ठाण्याच्या, पुण्याच्या. काल एक दुबईची. तुमची विद्या फळली!"

त्यांचा आवाज लग्नघरातल्यासारखा फुलला होता.

"आणि हौसाबाई?" नमिताने विचारलं.

"ठेवतो हां, समोर माणसं खोळंबल्यात," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

ती रिसीव्हर हातात धरून उभी राहिली. मग तणतणत कॉम्प्युटरपाशी बसली. टेलिफोन लाइन किंचाळून जोडली गेली. तिने रोहा, पोहे, पापड, मिरी हे शब्द इंग्रजीत टाइप केले.

पहिल्याच ओळीत रोहा होतं. तिने पान उघडलं. खलबत्ता होता, मिठागर होतं, सुती धोतर होतं. एकही गोष्ट सोडली नव्हती म्हाताऱ्याने. नमिताने दात आवळले आणि वरचा मथळा वाचला.

'हौसाबाईंचे पोह्याचे पापड, रोहा. वीस वर्षांची चव.'

तळाशी फोन नंबर होता आणि त्याखाली कचेरीच्या इंग्रजीत दोन ओळी होत्या.

'फोन समोरच्या दुकानात आहे, तरी बाईंना बोलावून आणेपर्यंत कृपया थांबावे. त्या माझ्याशी बोलत नाहीत, परंतु गिऱ्हाईकाशी फार गोड बोलतात.'