बी ते बाजार

नवी पदवी तपासायला आलेल्या विद्यापीठाच्या समितीतल्या तिघा साहेबांनी सोजराबाईला खुर्ची दिली, पण ती टेकली काठावरच. जानेफळला तिचा भाजीचा मळा. जन्म गेला तो पिकवण्यात आणि मेहकरच्या बाजारात विकण्यात.

शेजारी प्राध्यापक महादेवराव घामाघूम. राज्य नवं होतं, विद्यापीठाला नव्या पदव्यांची हौस होती. शेती आणि व्यापार एकत्र शिकवणारी पदवी महादेवरावांनी दोन वर्षं खपून मांडली होती. तिच्यातला 'बी ते बाजार' हा पेपर तर सगळा या बाईच्या तोंडून उतरवलेला. तो शिकवायला तुम्हीच, असा शब्दही ते देऊन बसले होते. त्या भरवशावर बाईनं मळा दिराला बटाईनं देऊन टाकला होता.

अध्यक्षांनी चष्मा पुसला. "पीक गेलं विज्ञान शाखेकडे, भाव गेला वाणिज्य शाखेकडे. मग या पेपरात उरतं काय?"

महादेवराव तोंड उघडणार, तोच बाई बोलली.

"सारी वांगी एकाच दिशी तोडाले आली, त बाजारात त्याईले कोन पुसते? म्हून अर्धी वांगी पंधरा दिस मांगून लावाची. आता हे कोन्या शाखेत बसवता, तुमीच सांगा."

तिघंही खुलले. तासभर ते विचारत राहिले नि बाई सांगत राहिली. एकानं तर घरच्या परसासाठी म्हणून वहीत उतरवून घेतलं. शेवटी अध्यक्षांनी सही ठोकली. पदवी मंजूर! महादेवरावांचा जीव भांड्यात पडला.

मग त्यांनी कागद वाचला. खाली अट होती: शिकवणाऱ्याकडे त्याच विषयाची पदवी हवी.

"साहेब, पदवी तर आत्ता निघतेय. ती कुणाकडे असणार?"

"नियम आहे. तुमची शेतीची आहे ना, तुमचं चालवून घेऊ." अध्यक्षांनी बाईला अगदी मनापासून नमस्कार केला आणि ते गाडीत बसले.

बाई पायरीवर थांबली होती. "मास्तर, मंग मी कवापासून येऊ?"

महादेवरावांना शरम वाटली. खाली बघतच त्यांनी सांगितलं: आधी मॅट्रिक, मग ही पदवी, मगच नेमणूक.

बाईनं सगळं ऐकून घेतलं. रागावली नाही.

"हाव, शिकतो ना. पन हे 'बी ते बाजार' मले शिकवीन कोन?"

"मी," महादेवराव कसेबसे म्हणाले.