सहादूचं मागणं

सुईतून औषध गेलं, अंगभर गरम लाट उठली, आणि सीटी स्कॅनच्या टेबलावर कारभारींनी दोन्ही कुशी गच्च धरल्या.

"हात वर घ्या आजोबा, हलू नका," काचेमागून पोरगी म्हणाली.

हात वर? लुटणारेही असंच म्हणतात. कारभारींनी एकच हात वर केला.

धाकट्या भावानं, सहादूनं, कित्येक वर्षांचा अबोला मोडला तो थेट किडनी मागायला. इगतपुरीकडच्या भाताच्या वावरात बांध तर त्यानं आधीच कोरला होता. "बांध कोरून भागलं नाय, आता माझं पोट कोरतोय," असं कारभारी गावभर सांगत सुटले. पण भावाला तोंडावर नाही म्हणावं, तर चार माणसं थुंकतील. त्यापेक्षा तपासणी करावी आणि डॉक्टरच्याच तोंडून नकार वदवावा.

म्हणून त्यांनी लघवी दिली, पण बाटलीमागोमाग थेट आतल्या टेबलापर्यंत गेले. रक्त दिलं, ते सुईवरची नजर न काढता. सोनोग्राफीवाला उजव्या कुशीतच घुटमळला, तेव्हा त्यांनी ताडलं, गिऱ्हाइकाला माल पसंत पडला. सहादू डॉक्टरशी कुजबुजत होता. बाकावर मुकाट बसलेली बायको, धोंडाबाई, तीही फितूर वाटू लागली. गंगापूर रोडवरचा हा चकाचक दवाखाना असाच उभा राहिला असेल होय? एकेका विटेखाली एकेक किडनी असणार!

रिपोर्ट आले. डॉक्टर तोंड उघडायच्या आत कारभारी म्हणाले, "सायेब, किडनी द्यायला चालंल का नाय, तेवढंच सांगा."

"द्यायला?" डॉक्टर चक्रावले. "उजवी तर कुणालाच देता येणार नाही."

कारभारींनी मिशीला पीळ भरला. "ऐकलं का सहादू? मी तर तयार होतो बाबा!"

"तिच्यावर गाठ आहे," डॉक्टर हळू आवाजात म्हणाले. "कॅन्सरचा संशय आहे. ऑपरेशन लागेल. पण गाठ लहान आहे, वेळेत आलात."

मिशीवरचा हात तिथंच राहिला. धोंडाबाईनं तोंडाला पदर लावला. कारभारी भावाकडे वळले.

"मग तुला रं? तुला कोण देणार आता?"

"मला काय धाड भरलीय?" सहादू खाली बघत म्हणाला. "तुझ्या लघवीतून रक्त जातंय म्हणून वहिनी माझ्या दारात येऊन रडली. स्वतःसाठी तू दवाखान्याची पायरी चढला नसतास. म्हटलं, माझं मागणं धुडकावायला मिळतंय म्हटल्यावर दादा कुठंबी येईल."