बारा मीटर खाली

“बारा मीटर खाली,” स्वप्निलनं मोबाईल आईपुढं धरला. “पाठीवर सिलिंडर, तोंडात नळी. मासे असे गालाजवळून जातेत, माय.”

“आन् नळी निसटली त?” जाईबाईंनी विचारलं.

“संग माणूस राह्यते ना एक.”

जाईबाई लसूण सोलत होत्या, त्या सोलतच राहिल्या. संग माणूस तर धर्मपालच्याही होता. पंचवीस वर्षांपूर्वी पूर्णेला पूर आला, तेव्हा त्यांचा हा वायरमन नवरा तारा जोडायला म्हणून गेला. संगचा माणूस परत आला. स्वप्निल तेव्हा सहा वर्षांचा होता.

पुढचे पंधरा दिवस दर्यापूरच्या त्या घरात अंदमानशिवाय विषय नव्हता. सून भावना रोज नवी यादी करायची. पॅरासेलिंग, जेट स्की, काचेच्या तळाची बोट आणि पाचव्या दिवशी स्कूबा. त्यांना अडवायला जाईबाईंनी सगळं करून पाहिलं. रुसल्या, एक दिवस जेवल्या नाहीत, धडधाकट गुडघा दुखतो म्हणाल्या. भावनानं हसत हसत बाम लावून दिला. पोरगी इतकी गोड, की तिच्यावर चिडायचीही सोय नव्हती. आता बाईनं करावं तरी काय?

मग टूरवाल्यानं कागद मागितला. स्कूबा करायचं तर छाती ठणठणीत असल्याचा डॉक्टरचा दाखला हवा.

जाईबाई दुसऱ्याच दिवशी दवाखान्यात गेल्या. त्या दवाखान्यात त्यांनी वीस वर्षं काम केलं होतं. म्हातारे डॉक्टर गेल्यावर आता त्यांचा मुलगा शुभंकर तिथं बसायचा. लहानपणी तो जाईबाईंच्याच कडेवर असायचा.

“शुभू, एक काम कर बाप्पा. स्वप्निलच्या दाखल्यावर लेहून दे, छातीत दोष हाये म्हणून.”

“मावशी, खोटं कसं लिहू मी?”

“एकुलत्या एक पोराची माय मागून राहिली. आजवर काई मागतलं का तुले?”

शुभंकरनं पेनाला टोपण लावलं. “पाठवा त्याला उद्या,” तो म्हणाला. “पाहू.”

जाईबाई निवांत घरी आल्या. म्हातारे डॉक्टर कुणाला पाहू म्हणाले, की ते काम झालेलंच असायचं. वीस वर्षं त्यांनी हेच पाहिलं होतं. पोरगा बापावरच गेला असणार.

स्वप्निल दुसऱ्या दिवशी दुपारी परतला तो पिण्याच्या पाण्याची कॅन घेऊनच. दर्यापूरकडच्या विहिरी खाऱ्या, कॅन रोजचीच. ती वर नेताना तो तिसऱ्या पायरीवर टेकला.

“पोट कमी कर आता,” जाईबाई म्हणाल्या. हे त्या रोजच म्हणायच्या.

“शुभंकर नाई म्हणते,” तो बसल्या बसल्या म्हणाला. “छातीची ईसीजी पट्टी काढली, मंग पुन्हा काढली. पाण्यात उतरायचंच नाई म्हणे. अकोल्याले मोठ्या डॉक्टरले दाखव म्हणे. गोळ्या देल्या.”

जाईबाईंना मनातून कौतुक वाटलं. दोनदा पट्टी काय, गोळ्या काय. कुठंच शंका यायला जागा ठेवली नव्हती पोरानं.

पण त्या दिवसापासून घर बसलं. स्वप्निल ऑफिसातून यायचा आणि छताकडे बघत पडायचा. पुढ्यातली भाकर तशीच राहायची. भावनानं नव्या बॅगा पलंगाखाली सारल्या. “आई, ह्यांले काई झालं त मी काय करू?” ती विचारायची, आणि जाईबाईंना तोंड लपवावंसं वाटायचं. पोरगा जिवंत राहावा म्हणून हे केलं, आणि तो जितेपणीच मेल्यासारखा पडून होता. चार दिवस त्यांनी काढले. पाचव्या दिवशी त्यांच्यानं राहवलं नाही.

“तुले काई झालं नाई रे. मीच सांगतलं होतं शुभूले, खोटं लेहून दे म्हणून. गोळ्याबी देखाव्याच्याच हायेत. फेक त्या.”

स्वप्निल ओरडेल असं त्यांना वाटलं. त्यानं त्यांच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि लहान पोरासारखा रडला, मग हसला. “एवढी भेतं तू, माय?”

अकोल्याची तारीख त्यानं रद्द केली. अमरावतीच्या एका डॉक्टर मित्रानं न तपासताच दाखला पाठवला. दोस्तीत तेवढं चालतं. शुभंकरचे दोन फोन आले, ते त्यानं रागानं घेतलेच नाहीत. बॅगेत चिवड्याचा डबा जाईबाईंनी स्वतः ठेवला. “जा,” त्या दारातून म्हणाल्या. “पाहून या समुद्र.” पंचवीस वर्षांत पहिल्यांदा त्यांना इतकं मोकळं वाटलं.

सहलीच्या पाचव्या दिवशी सकाळी फोटो आला. अंगात काळा रबरी पोशाख, पाठीवर सिलिंडर, अंगठा वर. खाली लिहिलं होतं, ‘माय, चाललो खाली. भेऊ नको.’ त्या खरंच भ्याल्या नाहीत. कोपऱ्यावरून पावभर पेढे घेतले आणि तशाच दवाखान्यात गेल्या. शुभूला उगाच खोट्यात पाडलं होतं, त्याचं तोंड गोड करायला हवं होतं.

त्यांना पाहून शुभंकर उठलाच. “मावशी, बरं झालं आलात. अकोल्याला काय म्हणाले? स्वप्निल माझा फोनच उचलत नाही.”

“आता कायले नाटक करतं बाप्पा?” जाईबाईंनी त्याच्या हातावर पेढा ठेवला आणि मोबाईल पुढं केला. “सांगून टाकलं मी त्याले सारं. हे पाय, आताच फोटू आला. एव्हाना उतरलाबी असन खाली.”

शुभंकरनं फोटो पाहिला. हातातला पेढा त्यानं टेबलावर ठेवला.

“मावशी,” तो म्हणाला, “तुमच्या सांगण्यावरून मी काहीच लिहिलं नव्हतं.”