चार हाका

होडी रुतली ती रुतलीच. आबांनी वल्ह्याने रेटून पाहिलं, शिवी देऊन पाहिली, पण पडवळासारखी ती लांबुडकी होडी हलायचं नाव घेईना. खाली पाण्यात बुडालेला चिखलाचा उंचवटा होता. आणि वर धुकं इतकं, की पुढच्या टोकाला बसलेल्या झुंबरबाईला मागचे आबा जेमतेम दिसत होते.

"तरी म्हनलं, तुषारला संगं घ्या," ती म्हणाली.

तुषार त्यांचा जावई. पवना धरणाच्या काठी पर्यटकांचे तंबू आहेत, तिथल्या होड्या तो सांभाळायचा. सासूसासरे औंढ्याहून लेकीकडे, आरतीकडे, चार दिवस आले, म्हणून त्याने हौसेने त्यांना होडीत बसवलं. दोघांचीही ही पहिलीच वेळ. पण आबा कसले ऐकतात! "बैल हाकले जल्मभर. ही बिनपायाची म्हस हाकता येनार न्हाई व्हय?" असं म्हणून त्यांनी वल्हं स्वतःच्या हातात घेतलं आणि जावयाला काठावरच ठेवलं. निघाले तेव्हा पलीकडचा डोंगर चांगला दिसत होता. धुकं मागाहून उतरलं.

"उतरून ढकलतो," आबा म्हणाले. त्यांनी अंगातलं नारिंगी जाकीट काढलं, घडी घातली आणि फळीवर ठेवलं.

"अवो, ते बुडू न्हाई म्हनून घालत्यात."

"दुसऱ्याची वस्तू हाय. भिजली म्हंजे?"

पाणी मांडीपर्यंत लागलं. आबांनी खांदा लावला, एकदा जोर केला, दुसऱ्यांदा केला. होडी एकदम सुटली आणि सरसर पुढे गेली. आबांचा हात निसटला. झुंबरबाईने मान वळवून पाहिलं तर मागे आबा नव्हते, उंचवटा नव्हता, काहीच नव्हतं. नुसतं पांढरं.

पोहणं तिला येत नव्हतं आणि त्यांनाही येत नव्हतं.

"अवो!" तिने हाक मारली.

"ओ!" उजवीकडून आवाज आला. आणि लगेच डावीकडून, लांबून, आणखी एक "ओ!" काठावरच्या तंबूतला कुणी नवरा असणार. 'अवो' म्हटलं की जगातला कुठलाही नवरा दचकून ओ देतो. तोवर होडी गरकन फिरली आणि उजवं कुठलं, डावं कुठलं, हेच तिला कळेना. तिने पुन्हा हाक मारली, पुन्हा दोन ओ आल्या, आणि त्यातली आपली कोणती ते काही समजेना. तिने वल्हं उचलून पाण्यात मारलं. होडीने जागच्या जागी आणखी एक गिरकी घेतली. चुकीच्या बाजूला गेलं, तर ते गारठ्यात तसेच उभे राहणार. पाय घसरला तर धरायला काडी नाही.

मग तिने ते केलं, जे बेचाळीस वर्षांच्या संसारात केलं नव्हतं. लग्नातला उखाणा तिने ओठातल्या ओठात पुटपुटला होता. रेशनकार्डाच्या वेळी साहेबाने नवऱ्याचं नाव विचारलं, तर लेकीला कोपराने ढोसून "तू सांग गं" म्हणाली होती. पण आता लाज धरायची कुणाची?

"अंबाजीऽऽ!"

आपल्याच आवाजाने ती दचकली. उत्तर आलं नाही. तंबूतला नवराही गप्प झाला.

"अंबाजीऽऽ!"

होडीला पाणी चाटत होतं, तेवढाच आवाज. मघाशी ओ देणारा माणूस आता ओ देत नाही, याचा अर्थ तिला कळत होता, पण कळून घ्यायचा नव्हता. तिने तिसरी हाक मारली. चौथीला आवाज फाटला. पलीकडून चकार शब्द नाही. गेले, तिच्या मनात आलं. आता आरतीला काय सांगू? औंढ्याला एकटी कशी परत जाऊ? पाण्यापेक्षाही त्या रिकाम्या घराची तिला जास्त भीती वाटली.

फळीवर घडी घातलेलं जाकीट होतं. ते छातीशी धरून तिने हंबरडा फोडला.

"अवो, जाकीट हितंच ऱ्हायलं की वो तुमचं!"

मग अगदी जवळून एक कापरा आवाज आला.

"भिजलं न्हाई न्हवं?"

झुंबरबाई रडत होती की हसत होती, तिचं तिलाच ठाऊक. आवाजाच्या रोखाने तिने वल्हं हाणलं. होडी तिरकी गेली, पण गेली. धुक्यातून आबांचं डोकं दिसलं. नुसतं डोकंच. पाणी हनुवटीला लागलं होतं. तिने वल्हं पुढे केलं, त्यांनी ते कवळलं, आणि तिने सगळा जीव लावून ओढलं. त्यांचे पाय पुन्हा उंचवट्यावर चढले, छाती वर आली, आणि धान्याचं पोतं लोटावं तसे ते होडीत येऊन पडले. तिने जाकीट त्यांच्या अंगावर टाकलं. मग तिला राग आला.

"मांडीभर पान्यातनं गळाभर पान्यात कशाला गेलात? आन् चार डाव नावानं बोंबलले मी. येक डाव ओ देता आली न्हाई?"

आबांचे दात वाजत होते. ते तिच्याकडे टक लावून बघत राहिले.

"ती तू हुतीस?"

"मग कोन?"

"मला नावानं हाक मारनारी येकच. माझी आय. तिला जाऊन तीस वर्सं झाली." त्यांनी होडीची कड घट्ट धरली. "वाटलं, न्यायला आली. दर हाकंला मी येक पाऊल मागं सरत हुतो."